कॅमची लिफ्ट वाढवली, आता स्प्रिंगला दबायला जागाच नाही. वॉशर काढू की स्प्रिंग बदलू?

रामबागकर_१३००
नमस्कार मंडळी. वडिलांची २००४ ची एस्टीम मी अजून रोज चालवतो. १३०० सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय. दिवाळीनंतर हेड गॅस्केट गेलं, ऑइल दुधाळ व्हायला लागलं, म्हणून हेड उतरवलं. हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही बदलून टाकू असं मनात आलं. बाहेरगावच्या एका वर्कशॉपमधून जुना कॅम घासून नवं प्रोफाइल केलेला मागवला. मूळ कॅमची लिफ्ट, म्हणजे तो व्हॉल्व्ह किती खाली उघडतो ते अंतर, मी व्हॉल्व्हवर डायल गेज लावून मोजली होती, ७.८ मिमी. हा नवीन ९.३ मिमीचा आहे. त्यांनी सांगितलं, "स्टॉक स्प्रिंग चालतात, फक्त खाली एकेक मिमीचं वॉशर टाका म्हणजे कडक होतील."

काल रात्री हेड दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, व्हॉल्व्ह खाली टेकू नयेत म्हणून. पहिल्या सिलिंडरचेच चार व्हॉल्व्ह वॉशरसकट बसवले, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे दांडे) लावले आणि पान्याने कॅम हळूहळू फिरवला. पाना एका जागी जड झाला आणि मग अडकलाच. मी जोर लावला नाही. बॅटरी मारून बघितलं तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटलेली, मधून उजेड दिसत नाही.

फोन केला तर म्हणाले, "नवीन आहे, चालून चालून सेट होईल." मला पटलं नाही. वॉशर काढले तर भागेल का? की जास्त कडक स्प्रिंग घ्यावी लागेल? गाडी रोज ऑफिसला जाते, रविवारी मानपूरपर्यंत. रेसिंग करायची नाही.

आरएक्स_प्रेमी
भिया राम! टू स्ट्रोक घ्या. कॅम नाही, व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही. सगळा धागा इथेच संपला.

अण्णा_लेथ
रामबागकर, तू पाना थांबवलास तिथेच निम्मं इंजिन वाचलं. हे "सेट" होणारं प्रकरण नाही. स्प्रिंग पूर्ण दबली की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा नळकांडा होतो. इंजिन चालू असताना असं झालं असतं तर कॅम थांबत नाही, बेल्ट ओढतच राहतो. मग जे सगळ्यात कच्चं असेल ते मोडतं. कधी रॉकर, कधी कॉटर (टोपीला व्हॉल्व्हवर धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या) निसटतात आणि व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये.

आता मोजमापं दे. अंदाज नको, व्हर्निअरने घेतलेली हवीत.
एक, व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची उंची, म्हणजे खालच्या बैठकीपासून वरच्या टोपीच्या आतल्या कडेपर्यंत. वॉशर काढून.
दोन, स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून पूर्ण दाबायची, वेटोळ्याला वेटोळं लागलं की ती उंची.
तीन, टोपी खाली येताना व्हॉल्व्ह सीलला कुठे लागते ते.

महूचा_बुलेटवाला
वॉशरचं औषध मीही घेतलंय, म्हणून लिहितो. माझी कास्ट आयर्न बुलेट, ३५०. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं की स्प्रिंग कडक केली की टॉप एंडला मोकळी पळते. मी नुसते वॉशर नाही, स्प्रिंगसुद्धा जाड तारेच्या टाकल्या. कॅम मात्र स्टॉकच. गाडी आधीपेक्षा तसूभरही जास्त पळाली नाही. पळणार कशी? बुलेटचा स्ट्रोक ९० मिमीचा, ती त्या आरपीएमला जातच नाही जिथे स्टॉक स्प्रिंग कमी पडेल. पण दोनेक हजार किलोमीटरनंतर टाइमिंग कव्हर उघडलं तेव्हा एक्झॉस्ट कॅमच्या नाकावर, म्हणजे उंच टोकावर, नखाला लागेल अशी चर पडलेली, आणि कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटच्या सपाट तोंडाला खड्डा. तो कॅम अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हा वॉशर काढा एवढंच म्हणत नाही, कडक स्प्रिंग घेण्याआधीही दोनदा विचार करा.

स्पीड_५६
बुलेटची आणि एस्टीमची तुलना कशाला? एस्टीम ६००० आरपीएमला ८५ बीएचपी देणारं इंजिन आहे, ते फिरायलाच बनवलंय. धागाकर्त्याने वॉशर काढावेत, बाइंड होत नसेल, म्हणजे वेटोळ्याला वेटोळं चिकटत नसेल, तर बिनधास्त चालवावी. रेसिंगवाले मुद्दाम स्प्रिंग बाइंडच्या अगदी जवळ नेऊन चालवतात. त्याने स्प्रिंग थरथरत नाही.

अनघा_यंत्र
स्पीड_५६, रेसिंगवाल्यांबद्दल तुम्ही म्हणताय ते खरं आहे, त्यावर मी नंतर येते. आधी वॉशरचा घोळ सोडवू, कारण तो फार लोकांचा होतो.

स्प्रिंगचा जोर म्हणजे तिचा कडकपणा गुणिले ती मूळ लांबीपेक्षा किती दबलीय ते अंतर. वॉशरने कडकपणा तिळमात्र बदलत नाही. फक्त सुरुवातच एक मिमी दबलेल्या जागेवरून होते. व्हॉल्व्ह बंद असताना जोर थोडा वाढतो, उघडा असताना तेवढाच वाढतो. किंमत काय मोजली? दबायला जी जागा शिल्लक होती त्यातला पूर्ण एक मिमी. आणि नेमकी तीच जागा मोठ्या लिफ्टच्या कॅमला हवी असते. म्हणजे लिफ्ट दीड मिमीने वाढवून वर एक मिमी वॉशर टाकायचा म्हणजे एकाच खिशातून दोघांनी पैसे काढायचे.

एक मिमी वॉशरने तुमची स्प्रिंग किती कडक झाली असं वाटतंय? मोजून सांगा, आश्चर्य वाटेल.

रामबागकर_१३००
अण्णा, अनघाताई, मोजलं. व्हर्निअर शेजारच्या वर्कशॉपचं आणलं.

वॉशर काढून, बंद व्हॉल्व्हवर उंची: इनटेक ३४.० आणि ३४.१, एक्झॉस्ट ३४.६ आणि ३४.५. स्प्रिंगची मोकळी लांबी ४२.५. पूर्ण दाबल्यावर २४.६. टोपीपासून सीलपर्यंत १०.६.

जोर मोजायला मित्राच्या गॅरेजमधलं ड्रिल स्टँड वापरलं. आईचा बाथरूममधला वजनकाटा खाली, त्यावर स्प्रिंग, वरून बंद मशीनच्या चकने दाब, आणि उंची व्हर्निअरने. ३४ मिमीला २२ किलो. २९ मिमीला ३५ किलो. तीन स्प्रिंग तपासल्या, अर्ध्या किलोचा फरक.

अनघा_यंत्र
सुंदर मोजलंत. ५ मिमीत १३ किलो, म्हणजे मिमीला २.६ किलो. आता सगळं उघड आहे.

स्टॉक कॅम: ३४.० वजा ७.८ म्हणजे २६.२. बाइंड २४.६ ला. शिल्लक १.६ मिमी. कंपनीने ठेवलेली ही जागा नीट बघा, उगाच ठेवलेली नाही.
नवीन कॅम, वॉशर नाही: ३४.० वजा ९.३ म्हणजे २४.७. शिल्लक ०.१ मिमी. लिफ्टमधून टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वजा केला तर जेमतेम पाव मिमी.
नवीन कॅम, वॉशरसकट: ०.९ मिमी कमी पडतं. म्हणून पाना अडकला.

आणि एवढं सगळं करून त्या वॉशरने मिळवलं काय? २.६ किलो.

स्पीड_५६, आता तुमचा मुद्दा. स्प्रिंगला स्वतःचं वजन असतं, ती नुसती दबत नाही, तिच्यातून लाटही धावते. विशिष्ट आरपीएमला ती लाट इतकी वाढते की मधली वेटोळी स्वतःच नाचायला लागतात आणि व्हॉल्व्हवरचा जोर क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. बाइंडच्या जवळ नेलं की वेटोळी एकमेकांना हलकेच लागून ती लाट मोडते. हे बरोबर. पण तसं करणारे प्रत्येक स्प्रिंग वेगळी मोजतात, प्रत्येक व्हॉल्व्हची उंची जुळवतात आणि ठराविक वापरानंतर स्प्रिंग फेकून देतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला मी एक ते दीड मिमी ठेवायला सांगेन. सोळा व्हॉल्व्हपैकी एकाचीही उंची अर्धा मिमी चुकली तरी काही होऊ नये, एवढी.

स्पीड_५६
मान्य, ०.१ मिमीवर मीही चालवणार नाही. पण मग लिफ्ट कमी करा असं सरळ सांगा ना. कुणी हात राखून बोलू नका.

अण्णा_लेथ
कुणी हात राखत नाहीये बाबा, एक गोष्ट अजून राहिलीय. रामबागकरचे आकडे परत बघा. इनटेक ३४.०, एक्झॉस्ट ३४.६. हा फरक का आला?

मागे कधीतरी या हेडचं सीट कटिंग झालंय, म्हणजे बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती बैठक कापलीय. एक्झॉस्टच्या सीट जास्त जळतात, म्हणून तिथे जास्त कापलं. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो आणि त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच बाहेर येते. टोपी वर गेली, स्प्रिंग सैल झाली. माझ्याकडे चाळीस वर्षांत शेकडो हेड आली असतील. सीट कापून देणारे पुष्कळ, कापल्यावर स्प्रिंगची उंची मोजणारे हाताच्या बोटांवर.

वॉशरचं खरं काम इथे आहे. एक्झॉस्टला ०.५ चं वॉशर टाकून उंची परत ३४ ला आणायची. जे कापून गेलं ते भरून काढायचं. वॉशर दुकानातून विकत आणला तसा टाकायचा नाही, मायक्रोमीटरने मोजून, गरज पडली तर घासून टाकायचा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हची पर्ची लावून डबी वेगळी.

जुनी_इंदूर
सीट कटिंगवरून आठवलं. आमच्या आजोबांची पद्मिनी होती, १०८९ सीसी, पुशरॉड. लोकमान्य नगरातला एक मिस्त्री तिचं व्हॉल्व्ह ग्राइंडिंग हाताने करायचा, लाकडी दांड्याला रबरी चकती, तळहातात घोळवत, ताक घुसळतात तसं. आम्ही पोरं ओट्यावर बसून बघायचो. झाल्यावर तो पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवायचा आणि चहाला जायचा. परत आल्यावर एक थेंबही झिरपलेला नसला तर काम झालं. त्या पेस्टचा लोखंडी वास अजून नाकात आहे.

वेदांग_पी
इंदूर आणि व्हॉल्व्ह निघालेच आहेत तर हे सांगायलाच हवं. यशवंतराव होळकर दुसरे यांची ड्यूसेनबर्ग एसजे, १९३० च्या दशकातली, लंडनच्या गर्नी नटिंगने तिची बॉडी बांधली होती. इंजिन सरळ रांगेत आठ सिलिंडरचं, सुमारे ६.९ लिटर, वर दोन कॅम, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, शिवाय सुपरचार्जर. बत्तीस व्हॉल्व्ह! आपण आज सोळा मोजताना दमतोय.

आरएक्स_प्रेमी
बत्तीस टॅपेट सेट करणाऱ्याला रोज पोहे-जिलबी महाराजांकडून मिळत असणार, नाहीतर जमलं नसतं.

अनघा_यंत्र
वेदांग, छान आठवण. आणि चार व्हॉल्व्हचा संबंध इथे येतोच. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन छोटे घेतले की प्रत्येकाचं वजन कमी, आणि हलक्या वस्तूला आवरायला कमी जोराची स्प्रिंग पुरते. म्हणून एस्टीमच्या २२ किलोला कुणी हसू नये.

लोकांना वाटतं, मोठी लिफ्ट म्हणजे मोठी स्प्रिंग. तसं सरळ नातं नाही. व्हॉल्व्ह उघडताना कॅम त्याला ढकलतो, तिथे स्प्रिंगची गरज नाही. गरज लागते ती नाकावर, जिथे कॅम मागे फिरतो आणि व्हॉल्व्हला पुढेच जायचं असतं. त्या क्षणी त्याला कॅमला चिकटवून ठेवणं एवढंच स्प्रिंगचं काम. ते जमलं नाही की व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, बंद होताना सीटवर आपटून उडतो. चालवणाऱ्याला कळतं ते असं: एका आरपीएमनंतर गाडी ओढायचं सोडून देते, आवाज फाटतो, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी काटा पुढे सरकत नाही.

हा जोर किती लागेल हे आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ६५०० वरून ७२०० म्हणजे आरपीएम जेमतेम ११ टक्के जास्त, पण व्हॉल्व्ह आवरायला २३ टक्के जास्त जोर. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, किती आरपीएमपर्यंत नेणार? लिफ्टचा प्रश्न नंतर.

रामबागकर_१३००
ताई, लिमिटर जिथे आहे तिथेच. मी ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावणार नाही. मला ३००० ते ६००० मध्ये जरा मोकळी हवी.

महूचा_बुलेटवाला
लिमिटरवर विसंबू नका एवढंच सांगतो. लिमिटर पेट्रोल तोडतो, चाकं नाही थांबवत. भेरूघाट उतरताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला तर इंजिन चाकांनी फिरवलं जातं, लिमिटरला विचारत नाही. स्प्रिंगमध्ये थोडी शिल्लक त्या एका चुकीसाठी ठेवायची.

अनघा_यंत्र
+१. हे लिहायचं राहून गेलं होतं माझं. आणि एक्झॉस्टसाठी हे जास्त महत्त्वाचं. पिस्टन वर येत असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या पुढे पळत बंद होत असतो, म्हणजे पिस्टन त्याच्या पाठलागावरच असतो. तो उशिरा बंद झाला की टक्कर. इनटेकचं उलटं, तो खाली जाणाऱ्या पिस्टनच्या मागे उघडत जातो. म्हणून पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर इनटेकला २ मिमी पुरतं, एक्झॉस्टला अडीच तरी ठेवतात.

हर्ष_निपानिया
मग जास्त जाड तारेची स्प्रिंग घेऊन टाकायची. ६८०० ला पण तरंगणार नाही. यात अवघड काय?

अण्णा_लेथ
हर्ष, तारेची जाडी वाढवून बघ काय होतं. रामबागकरची स्प्रिंग मी डोळ्यासमोर आणतो: तार ३.८ च्या आसपास, वेटोळी साडेसहा. गुणाकार कर, २४.७. जवळजवळ तिची बाइंडची उंची आलीच. तार ४.२ केली तर तेवढ्याच वेटोळ्यांत २७.३. म्हणजे स्टॉक कॅमवरसुद्धा बाइंड!

अनघा_यंत्र
आणि तार १० टक्के जाड केली की कडकपणा १० टक्के नाही, ४६ टक्के वाढतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घाताने जातो. म्हणून चांगली परफॉर्मन्स स्प्रिंग तार जाड करून बनत नाही. चांगलं पोलाद घेतात, क्रोम सिलिकॉनचं, ते तेवढाच ताण जास्त वेळा सोसतं. मग वेटोळी कमी करता येतात, आणि वेटोळी कमी म्हणजे बाइंडची उंची कमी. काही स्प्रिंग वरून निमुळत्या असतात, मधमाशांच्या पोळ्यासारख्या. त्यांची वरची टोपी लहान, म्हणून हलकी, आणि वेटोळ्यांचा घेर सारखा नसल्याने ती लाटही एका ठरावीक आरपीएमला जोर धरत नाही.

देवास_नाका
धाग्यात कायद्याची आठवण करून देतो, राग मानू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात बदल करण्याबद्दल आहे. आरसीवर जे लिहिलंय ते बदलेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कॅम आरसीवर लिहिलेला नसतो हे मला माहीत आहे, पण प्रदूषण तपासणी द्यावीच लागते. जास्त ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या, कॅमवर आयडल खडबडीत होतं आणि न जळलेलं पेट्रोल जास्त बाहेर जातं. इन्शुरन्सवाल्यांनाही विचारा.

स्पीड_५६
देवास_नाका, आयडलचा मुद्दा चांगला काढलात. लिफ्टबरोबर ड्युरेशन विचारायचं राहिलं. रामबागकर, त्या कॅमचं ड्युरेशन आणि दोन लोबमधला (कॅमवरच्या उंचवट्यांमधला) कोन किती? कागद दिला का?

रामबागकर_१३००
कागद नाही. "स्ट्रीट कॅम" एवढंच लिहून आलं.

अण्णा_लेथ
मग तो कॅम परत कर. खरंच सांगतो.

कॅम घासून लिफ्ट कशी वाढवतात हे इथे सगळ्यांना माहीत असावं. नाकावर वेल्डिंग करून चढवलं नाही, तर नाक तिथेच ठेवतात आणि गोल भाग बारीक करतात. गोल भागाची त्रिज्या एक मिमीने कमी झाली की लोबची लिफ्ट एक मिमीने वाढली, रॉकरचं गुणोत्तर धरून व्हॉल्व्हवर त्याहून जास्त. पण आता दोन गोष्टी होतात. रॉकरचा टॅपेट स्क्रू तेवढा खाली आणावा लागतो, रॉकरची बैठक बदलते आणि तो व्हॉल्व्हच्या दांडीवर मधोमध न बसता कडेवर घासतो. दांडीच्या टोकावर शाई लावून फिरवून बघ, घासल्याची पट्टी मध्यावर आली पाहिजे. दुसरं, कॅम ओततानाच त्याचा बाहेरचा थर कडक केलेला असतो. जास्त घासलं की कडक थर संपून मऊ लागतो. मऊ कॅमवर कडक स्प्रिंग म्हणजे मेणबत्तीवर सुरी. मी एका गिऱ्हाइकाचा असा कॅम पाहिलाय, नाक गोल गुळगुळीत, लिफ्ट निम्मी उरलेली, आणि ते सगळं लोखंड ऑइलमध्ये.

तुला रोज चालवायची गाडी आहे. ८.४ ते ८.५ पुष्कळ झाली.

हर्ष_निपानिया
अण्णा, स्प्रिंगची खालची बैठकच कापून एक मिमी खाली नेली तर? जागा मिळाली की.

अण्णा_लेथ
करतात. पण हेड ॲल्युमिनियमचं, बैठकीखाली पाण्याची जागा. किती जाड ओतलंय हे बाहेरून दिसत नाही. एक मिमी कापलं आणि चार हजार किलोमीटरने तिथे केसाएवढी भेग पडली तर आधी गेलेल्या गॅस्केटपेक्षा वाईट. ज्या हेडची जाडी मी स्वतः एक तुकडा कापून पाहिली आहे त्याच हेडला मी हे करतो.

जुनी_इंदूर
कॅम बदलण्याआधी पोर्ट साफ करून, मॅनिफोल्ड आणि गॅस्केटची कड जुळवून घ्या. आमच्या पद्मिनीत तिथेच एवढी पायरी होती की बोट अडकायचं.

रामबागकर_१३००
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले, आता सांगण्यासारखं झालंय.

कॅम परत केला. पैसे पूर्ण आले नाहीत, येऊ दे. जुन्या सामानाच्या बाजारातून एक चांगला स्टॉक कॅम मिळवला, अण्णांनी सुचवलेल्या ठिकाणी नवं प्रोफाइल करून घेतलं, व्हॉल्व्हवर ८.४ मिमी, यावेळी ड्युरेशनचा कागदही. स्प्रिंग नवीन घेतल्या, मोकळी लांबी स्टॉकएवढीच ४२.५, पण मिमीला ३ किलोच्या, बाइंड २३.९ ला. परत आईच्या काट्यावर सोळाही मोजल्या, एक पावणेदोन किलो कमी निघाली ती बदलून घेतली.

आता आकडे: ३४.० ला २५.५ किलो. पूर्ण उघडल्यावर उंची २५.६, जोर ५०.७ किलो. बाइंडला शिल्लक १.७ मिमी. टोपी ते सील २.२. एक्झॉस्टला मोजून घासलेले वॉशर, सगळे ३४.० ते ३४.१ मध्ये.

पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती लावली, हलकं तेल फासून, हेड जुन्या गॅस्केटवर कसलं, बेल्ट खुणेवर लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. पुन्हा उघडलं तर मातीत व्हॉल्व्हचे अर्धचंद्र उमटलेले. ब्लेडने मधोमध कापून सगळ्यात पातळ जागा मोजली. इनटेक २.४, एक्झॉस्ट २.९. तो अर्धचंद्र बघताना जो जीव भांड्यात पडला तो सांगता येत नाही.

अनघा_यंत्र
आकडे वाचून फार समाधान वाटलं. जुनं गॅस्केट दबलेलं असतं, त्यामुळे नवीन टाकल्यावर अंतर किंचित वाढेलच, कमी होणार नाही. योग्य बाजूने चूक झाली.

स्पीड_५६
पहिल्यांदा चालू करताना कॅमवर असेंब्ली लूब भरपूर लावा. आणि आयडलवर सोडू नका, पंधरा-वीस मिनिटं २००० च्या आसपास धरा, म्हणजे लोबवर ऑइल उडत राहील. रॉकर घासून चालणारे आहेत, तर जस्त कमी असलेलं अगदी पातळ ऑइल टाळा.

रामबागकर_१३००
तसंच केलं. काल सकाळी मानपूरला जाऊन आलो. वडील शेजारी होते. ३५०० च्या पुढे गाडी आधी जिथे दम घ्यायची तिथे आता घेत नाही, आणि आयडल पूर्वीसारखं शांत. वडील राऊपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महू नाक्यावर पेट्रोल भरून घे, परत जाऊ."

महूचा_बुलेटवाला
पुढच्या रविवारी निघाल तेव्हा कळवा. माझ्या ड्रॉवरमधला कॅम घेऊन येतो, तो हातात धरून बघाच.

अण्णा_लेथ
५०० किलोमीटर झाले की गार इंजिनवर टॅपेट पुन्हा बघ, सोळाचे सोळा. आकडे आजच्या आकड्यांशेजारी लिही. एखाद्याचा गॅप वाढत चालला तर त्या लोबकडे लक्ष दे, कमी होत चालला तर त्या सीटकडे.

रामबागकर_१३००
वही केली आहे अण्णा. आत्ता १४० किमी झालेत.